क्लिअरन्सचा कागद

बेळगाव, बुधवार

आज क्वार्टर मास्टरच्या स्टोअरची सही मिळाली आणि लष्करातून निवृत्त होताना लागणाऱ्या क्लिअरन्सच्या कागदावरचे बहुतेक रकाने भरले. मेस, कँटीन, स्टोअर, वाचनालय अशा प्रत्येक ठिकाणी जाऊन आपल्याकडे काही देणे बाकी नाही, एवढे लिहून घ्यायचे असते. ज्या वाचनालयात मी क्वचितच पाऊल ठेवले असेल, तेथील शिक्क्यालाही तेवढाच मान. रायफल युनिट सोडतानाच कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा केली होती. तिथली शस्त्रे सांभाळणाऱ्या कोत एनसीओने रजिस्टर उघडण्यापूर्वीच मी रायफलच्या दस्त्यावरचा बट नंबर सांगून मोकळा झालो, आणि तो हसला. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे सेंटर १९२२ पासून येथे आहे. समोरच्या मैदानावर रंगरुटांची पीटी चालू असते, पण डिस्चार्जला आलेल्यांना फायली सोडून दुसरीकडे पाहायला फुरसत नसते.

क्लिअरन्स म्हणजे वस्तू परत करणे, अशी बहुतेकांची समजूत असते. माझ्या मते खरे काम वस्तूंचे नसून नावांचे आहे. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत आहे. त्यामुळे पार्ट टू ऑर्डरने (सैनिकाच्या नोंदी बदलणाऱ्या लेखी आदेशाने) शीट रोलमध्ये, म्हणजे माझ्या सेवेच्या नोंदपत्रात, चढलेले पत्नीचे नाव माहेरचे, आधार कार्डावरचे सासरचे आणि बँकेच्या पासबुकातले या दोहोंच्या मधले तिसरेच होते. पेन्शनची कागदपत्रे कित्येक महिने आधीच पाठवावी लागतात, म्हणून मागच्या सुट्टीत तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र केले, त्यावरून नवी पार्ट टू ऑर्डर निघाली आणि मगच फाइल पुढे सरकली. "अहो, मी समोर येऊन सांगितलं तरी चालणार नाही का?" असे तिने विचारले होते. चालणार नाही, कारण हे नाव ज्या दिवशी कामाला येईल त्या दिवशी सांगायला मी नसेन. आमच्या गावातील एका माजी सैनिकाच्या विधवेला नावातील दोन अक्षरांच्या फरकापायी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी किती हेलपाटे घालावे लागले, हे मी पाहिले आहे. म्हणून पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हाती आल्यावर माझ्या पेन्शनचा आकडा न पाहता मी आधी तिच्या नावाची ओळ अक्षर न् अक्षर तपासली.

रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे निवृत्तीपूर्वीची वैद्यकीय तपासणी, झाला. नोकरीत असताना बढती अडू नये म्हणून गुडघ्याचे दुखणे दाबून ठेवणारे आणि 'शेप वन' ही सर्वांत वरची वैद्यकीय श्रेणी टिकवून धरणारे कितीतरी जण या खोलीत पहिल्यांदाच खरे बोलतात. पण ज्या दुखण्याची पूर्वीची वैद्यकीय नोंदच नाही, ते सेवेमुळे जडले हे सिद्ध करणे फार अवघड जाते, आणि सेवेमुळे आलेले अपंगत्व किमान २० टक्के ठरले तरच त्याचे निवृत्तिवेतन मिळते. धाकट्या जवानांना मी हेच सांगत आलो आहे, की दुखणे लपवू नका, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंदवा.

पेन्शन विकण्याविषयी संध्याकाळी बराकीत वाद रंगला. सैनिकाला पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो आणि तो १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. बहुतेकांनी घर बांधण्यासाठी पूर्ण निम्मा भाग विकला आहे. मीही विकला, मात्र घरासाठी नव्हे, मुलीच्या शिक्षणासाठी; यावर एका सुभेदार साहेबांनी मान डोलावली आणि विषय ग्रुप इन्शुरन्सच्या पैशांकडे वळला.

आता राहिले ते किरकोळ. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाच्या अर्जात पत्नीचे नाव पीपीओप्रमाणेच पडले आहे ना, हे उद्या हेड क्लर्क साहेबांकडून पुन्हा पाहून घ्यायचे आहे. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी घरी गेल्यावर होईल. तिथे डिस्चार्ज बुक लागते, म्हणून त्याच्या झेरॉक्स आजच काढून ठेवल्या. ओळखपत्र मात्र अगदी शेवटी जमा करायचे, कारण तोपर्यंत गेटवर ते रोज दाखवावे लागते.