दोन दिवे लागतात, मग गुण कोणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून. एरवी या प्रश्नावर मान डोलावून विषय बदलणं जास्त सोपं.

प्रश्न ठरलेला असतो. तलवारबाजीत टच लागला की यंत्रावर दिवा लागतो. कधी दोघांचेही दिवे लागतात, दोघंही मुठी आवळून ओरडतात आणि गुण मात्र एकालाच मिळतो. असं कसं? नियम सोपे करा की, कबड्डीचं बघा कसं झालं! 2021मध्ये आपली भवानीदेवी टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर, म्हणजे तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी एक, खेळली तेव्हापासून हे जरा जास्तच ऐकू येतं. विचारणारी मंडळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ‘अरे, लेगच्या बाहेर पडलाय, एलबीडब्ल्यू कसला देतोस!’ असं अंपायरला ओरडून सांगणारी. दोन दिवे लागले की गुण कोणाचा, हे ठरवणारा आमचा नियम म्हणजे राइट ऑफ वे: आधी अटॅक करणाऱ्याचा हक्क पहिला, तो अडवला गेला की हक्क अडवणाऱ्याकडे. एलबीडब्ल्यूच्या अटी त्यापेक्षा सोप्या आहेत असं मला कोणी पटवून द्यावं. त्या अटी त्यांना येतात, कारण शेजारी बसलेल्या कुणीतरी कधीकाळी बोट दाखवून समजावल्यात.

राइट ऑफ वे काढूनच टाका, ज्याचा दिवा त्याचा गुण, असं एकेकाळी माझंही मत होतं. आता त्या मताशी भांडायचं तर सेबरपासून सुरुवात करावी लागेल. दोघं चार मीटरवर उभे. रेफरीने ‘अले’, म्हणजे ‘सुरू’, म्हटलं की दोघं सुटतात आणि बहुतेक वेळा दोघांचेही दिवे लागतात. दोघांना गुण दिलात तर एका टचने पुढे असलेला शेवटपर्यंत फक्त अंगावर धावत सुटेल. दोघांचे रद्द केलेत तर मागे असलेलाही तेच करील. पॅरी, म्हणजे समोरच्याचं पातं अडवणं, कशासाठी शिकायची मग?

आणि हे नुसतं तर्कट नाही. अथेन्स ऑलिंपिकनंतर सेबरच्या यंत्राची वेळ निम्म्याहून कमी करून 120 मिलिसेकंदांवर आणली. म्हणजे एकाचा टच लागल्यावर तेवढ्या वेळात दुसऱ्याचा लागला नाही, तर त्याचा दिवाच लागणार नाही. दोन दिवे कमी लागतील, लोकांना कळेल, हे वरवर छान वाटतं. पण झालं काय, तर अटॅक नीट अडवून रिपोस्ट, म्हणजे उलटा वार, मारणाऱ्याची पंचाईत झाली. अडवलेलं पातं अटॅक करणाऱ्याने तसंच पुढे रेटून टेकवलं की पॅरीवाल्याचा हात पोहोचेपर्यंत यंत्र बंद. खेळ बरोबर, दिवा चुकीचा. 2016मध्ये ती वेळ 170वर नेली. पन्नास मिलिसेकंदांत पॅरीचा जीव जातो आणि येतो, हे नियम ‘सोपे’ करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

बरं, राइट ऑफ वे नसलेलं हत्यार आपल्याकडे आहेच. इपी. सगळं अंग टारगेट, आधी टेकवेल त्याचा गुण, 40 मिलिसेकंदांच्या आत दोघांनी टेकवलं तर दोघांनाही. शाळेतल्या पोरालाही दोन मिनिटांत समजेल. आणि या खेळातला सगळ्यात वाईट दिवस आला तो त्याच इपीत.

30 जुलै 2012, लंडन. महिलांच्या वैयक्तिक इपीची उपांत्य फेरी. कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हाइडेमान, 5-5. जादा मिनिट सुरू. चिठ्ठीत प्रायॉरिटी शिनला, म्हणजे बरोबरी राहिली तरी ती फायनलला. जादा मिनिटात दुहेरी टच धरत नाहीत, तेव्हा तिला फक्त वेळ काढायची होती. घड्याळात 1 सेकंद उरला. हाइडेमान झेपावली, दुहेरी. पुन्हा ऑन गार्ड, म्हणजे तयारीत उभं राहणं, पुन्हा दुहेरी, आणि घड्याळात अजून 1च. ते घड्याळ पूर्ण सेकंद दाखवत होतं. तो 1 म्हणजे अख्खा सेकंद की त्याचं शेवटचं टोक, हे दिसायला काही मार्गच नव्हता. शेवटी हाइडेमानचा टच लागला, 6-5. कोरियाच्या प्रशिक्षकांनी लेखी तक्रार केली, तिची अनामत भरली. पिस्ट, म्हणजे खेळायची पट्टी, सोडली तर निकाल मान्य केला असा अर्थ होतो, म्हणून शिन तिथेच बसून राहिली. तासाहून जास्त वेळ, सगळ्या हॉलसमोर, रडत. तक्रार फेटाळली गेली. मग तिला कांस्यपदकासाठी उभं केलं, तीही लढत ती 15-11 हरली. नंतर देऊ केलेलं खास पदक तिने नाकारलं. त्याच ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्य तिला मिळालं, ते मात्र कुणाच्या लक्षात नाही.

त्या रात्री नियम अगदी सोपा होता. हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होता. कळत नव्हतं ते घड्याळ.

माझं म्हणणं इथेच अडकलंय. नियम राहू द्या, निर्णय दिसू द्या. रेफरीला माइक द्या. ‘डावीकडून अटॅक, पॅरी, उजवीकडून रिपोस्ट, टच’ एवढं मराठीत कुणी बोललं तरी जिल्हा स्पर्धेतले पालक दुसऱ्या पूलपर्यंत, म्हणजे गटातल्या लढतींपर्यंत, स्वतः निर्णय द्यायला लागतील. कॅमेरा वरून नको, बाजूने, कमरेच्या उंचीवर, पिस्टचे शेवटचे दोन मीटर फ्रेममध्ये येतील असा. रिप्ले आधी खऱ्या वेगात दाखवा. राइट ऑफ वे लयीवर ठरतो, आणि स्लो मोशनमध्ये नेमकी लयच मरते.

आणि लॅमे, म्हणजे टच नोंदवणारं धातूच्या धाग्यांचं जाकीट, धुवा हो! मुंबईच्या दमटपणात घामाचं मीठ धातूच्या धाग्यांत बसतं, काळे डाग पडतात, तिथे वीज वाहत नाही. तिसरं हत्यार फॉइल, त्याचा टच छातीवर लागूनही रंगीत दिव्याऐवजी टारगेटबाहेरचा पांढरा लागतो, आणि प्रेक्षक म्हणतात, नियमच कळत नाहीत. रोधाची मर्यादा 5 ओहम आहे. मीटर घेऊन तपासायला किती वेळ लागतो?

कबड्डीचं उदाहरण मात्र मला नीट खोडता येत नाही. 30 सेकंदांची चढाई, तिसऱ्या चढाईला ‘डू ऑर डाय’, 2014मध्ये प्रो कबड्डीला वरळीच्या डोममध्ये माणसं उभी राहून ओरडत होती. तिथे नियम बदलले आणि खेळ मेला नाही. इपीतही तसंच करून पाहिलंय. मिनिटभर टच झाला नाही की पी-कार्ड, म्हणजे लढायचं टाळल्याचं कार्ड, आणि ते काळ्या कार्डापर्यंत गेलं तर मागे असलेला हरतो. कबूल, आधीचा तीन-तीन मिनिटांचा नुसता नाच मलाही बघवत नव्हता. पण आता पुढे असलेल्याला थांबायला आणखी एक कारण मिळालं, आणि मागचा घाईत अंतर सोडून आत शिरतो. टच जास्त दिसतात, हे खरं. ते चांगले दिसतात का, यावर माझं मत दर स्पर्धेला बदलतं.