वीस मिनिटं तीच चाल, कंटाळा येत नाही?

मावशीनं विचारलं, शाळेच्या ग्रुपवर विचारलं. एका काकांनी तर ‘बँजो म्हणजे आपला मिरवणुकीतलाच ना?’ इथून सुरुवात केली आणि शेवटी तिथेच आले: बारा वर्षं व्हायोलिन शिकलीस, आणि आता नॉर्थ कॅरोलिनात त्या बँजोवाल्यांसोबत एकच चाल वीस-वीस मिनिटं घासतेस. कंटाळा येत नाही?

येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बँजो तो मिरवणुकीतला नव्हे, कातड्यानं मढवलेला, पाच तारांचा. आणि हे संगीत म्हणजे ओल्ड-टाइम, अमेरिकेतलं जुनं लोकसंगीत. ते ब्लूग्रास नाही हो! ब्लूग्रास त्यातूनच पुढे निघालं, त्यात एकेक जण पुढे येऊन कसब दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये पुढे कुणी यायचंच नसतं. बँजोवाला नखानं तार खाली मारतो, अंगठा पाचव्या आखूड तारेवर वाजत राहतो (सतारीची चिकारी आठवा), आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) त्याच्या जोडीनं तीच चाल पुन्हा पुन्हा.

पहिल्यांदा गेले ते इथल्याच डरम शहरात, ओळखीच्यांच्या ओसरीवर. फिडल ए-ई-ए-ई असं लावलेलं ऐकलं आणि हसूच आलं. हे तर गुरुजींचं सा-प-सा-प! चाल दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. चार फेऱ्यांत पाठ झाली. पाचवीत मी मींड घेतली, सहावीत छोटीशी तान. सातवीत तिहाई घेऊन समेवर आले आणि दाद मिळेल म्हणून मान वर केली. कुणी बघत नव्हतं. शेजारचे आजोबा बँजोच्या कातड्याकडे बघत होते. हात टेकून टेकून तिथं तपकिरी डाग पडला होता. मुख्य फिडलवाल्या बाईंनी एक पाय जरासा उचलला. ‘ही शेवटची फेरी’ अशी ती खूण, मला कुठली माहीत असणार! सगळे एकदम थांबले. मी एकटीच अर्धी ओळ पुढे.

बाई गोड हसल्या. ‘सुंदर वाजवतेस. आता थोडा वेळ नुसतं ऐक.’

गाडीत रडले. मग चिडले: यांना विस्तार म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे का?

पुढे वारीचा दाखला द्यायला शिकले. तोच अभंग तासभर चालतो, तेव्हा तुम्ही कंटाळा म्हणता का? लोक गप्प बसतात. मला मात्र तो पटत नाही. तिथं विठ्ठल असतो. इथं काय आहे?

‘पण हे तुझं संगीत आहे का?’ असं कुणी विचारलं, की बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी घडवला, हे ऐकवते. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांचं आणि गोऱ्यांचं संगीत वेगवेगळ्या याद्यांत विकलं, काळे फिडलवादक झाकले गेले. नॉर्थ कॅरोलिनातल्याच मेबन गावचे काळे फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८–२०१२) उरले होते. २००५ मध्ये रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन हे तरुण काळे वादक त्यांच्या घरी जाऊन बसू लागले, त्यांच्याबरोबर त्याच त्या चाली वाजवत शिकले. खरं आहे सगळं. पण ते सांगताना मी दुसऱ्याच्या दुःखाआड लपते, हेही खरं.

तेव्हाची मी चूक होते, असं म्हणवत नाही. रागात जे मिळतं ते इथं मिळत नाही. सातव्या मिनिटाला अजूनही घड्याळ बघते.

परवा बाराव्या की तेराव्या फेरीत बोट आपसूक मींडेकडे गेलं. घेतली. कुणाच्या कानावर गेली का, कळलं नाही. पाय मात्र कुणी उचलला नाही.