पत्ते गेले, नावं मागे राहिली

आमच्या संस्थेकडे एक स्लॅश सोळा होता, म्हणजे सलग ६५,५३६ आयपीव्ही४ पत्ते, इंटरनेटवरच्या यंत्रांचे जुन्या पद्धतीचे अंकी पत्ते. मागितले की पत्ते मिळत, त्या काळात घेतलेले. त्यातला चौथा हिस्सा, १६,३८४ पत्त्यांचा एक स्लॅश अठरा, दुसऱ्या खंडातल्या एका नेटवर्कला द्यायचं ठरलं. आमची नोंद आरिन या उत्तर अमेरिकेच्या रजिस्ट्रीत, म्हणजे पत्ते कुणाचे याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, घेणाऱ्यांची युरोपच्या राइप एनसीसीत. ट्रान्सफरची तांत्रिक बाजू माझ्याकडे आली.

असे व्यवहार होतात कारण नवे पत्ते जवळजवळ उरलेलेच नाहीत. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयानाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला आणि शेवटचे पाच मोठे ब्लॉक पाच प्रादेशिक रजिस्ट्र्यांना एकेक वाटून दिले गेले. आरिनचा मोकळा साठा सप्टेंबर २०१५ मध्ये आटला, राइपचा नोव्हेंबर २०१९ मध्ये. आता कुणाला मोठा ब्लॉक हवा असेल तर तो ज्याच्याकडे पडून आहे त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. त्यामुळे न वापरलेले पत्ते अडवून बसणं मला कधीच पटलेलं नाही.

कागदपत्रांना वेळ लागला. आरिनला देणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. आमच्या संस्थेचं नाव मधल्या काळात बदललं होतं, त्याचे दाखले जुन्या फायलींतून काढावे लागले. राइपने घेणाऱ्यांकडून, पाच वर्षांत निदान निम्मे पत्ते कसे वापरणार याचा आराखडा घेतला. मग दोन्ही रजिस्ट्र्यांनी आपसात बोलून दिवस ठरवला.

आमच्याकडची मोठी तयारी राउटिंगची होती, म्हणजे कुठल्या पत्त्यांची वाट आमच्याकडे येते ते बाकी नेटवर्कांना जाहीर करण्याची. चौथा हिस्सा गेल्यावर अख्खा स्लॅश सोळा जाहीर करायचा हक्क उरत नाही. उरतो एक स्लॅश सतरा, म्हणजे निम्मा हिस्सा, आणि एक स्लॅश अठरा. आमचा आरओए, म्हणजे ‘हा ब्लॉक अमुक नेटवर्ककडूनच जाहीर होईल’ अशी डिजिटल सहीची नोंद, अख्ख्या स्लॅश सोळाचा होता आणि त्यात लहान तुकड्यांना मुभा नव्हती. म्हणून आधी दोन नवे आरओए केले. ते सगळीकडे पोचल्याची खात्री झाल्यावर दोन नवे राउट जाहीर केले आणि सगळ्यात शेवटी जुना राउट आणि जुना आरओए काढला. हा क्रम चुकला तर आपलेच राउट अवैध ठरतात आणि बरीच मोठी नेटवर्क्स ते सरळ टाकून देतात. हे सगळं ट्रान्सफरच्या बरंच आधी उरकलं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी ट्रान्सफर पूर्ण झाल्याची मेल आली. नोंदीत आता घेणाऱ्यांचं नाव दिसत होतं. त्यांनी त्यांच्या बाजूने आरओए केला, राउट जाहीर केला. मी वेगवेगळ्या नेटवर्कांतून तपासलं, सगळीकडून वाट त्यांच्याकडे जात होती.

दुपारी त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला. आवाजात काळजी होती.

“आमच्या मेल काही ठिकाणी नाकारल्या जातायत. सगळीकडे नाही, काहीच ठिकाणी. आणि नकाराच्या निरोपात तुमच्या एका सर्व्हरचं नाव येतंय.”

निरोप पाठवायला सांगितला. त्यात खरंच आमच्या एका सर्व्हरचं नाव होतं, केव्हाच बंद झालेल्या. हा पत्ता एकेकाळी त्याचा होता.

पत्त्यावरून नाव शोधायची सोय म्हणजे रिव्हर्स डीएनएस. मेल घेणारे सर्व्हर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून नाव काढतात, मग त्या नावावरून तोच पत्ता मिळतो का बघतात. जुळलं नाही की बऱ्याच ठिकाणी मेल परत जाते. आमचा स्लॅश सोळा अखंड होता तोवर त्याचा रिव्हर्स झोन, म्हणजे या नावांच्या नोंदींचा संच, एकच होता आणि तो आमच्या नेमसर्व्हरांकडे, म्हणजे अशा प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरांकडे, सोपवलेला होता. ब्लॉक फुटल्यावर तसं चालत नाही. प्रत्येक २५६ पत्त्यांचा झोन वेगळा सोपवावा लागतो: १९२ आमच्याकडे, ६४ त्यांच्याकडे. वरचा झोन आरिनच चालवतं, त्यामुळे त्या ६४ झोनच्या नोंदी राइपकडून आरिनकडे जातात आणि तिथे मिसळल्या जातात. मी आरिनचे नेमसर्व्हर थेट विचारून पाहिले. नोंदी अचूक होत्या.

मग काहीच ठिकाणी का? नाकारणाऱ्या मेल सेवांची यादी मागवली आणि ती वाचताना उलगडा झाला. आमच्या स्वतःच्या मेल सगळ्यात जास्त जातात त्याच या सेवा. आमचे पत्ते त्या रोज पडताळतात, म्हणून त्यांच्या डीएनएस कॅशेमध्ये, म्हणजे मिळालेली उत्तरं काही काळ जपून ठेवणाऱ्या साठ्यात, ‘हा अख्खा स्लॅश सोळा यांच्याकडे विचारा’ ही जुनी नोंद ताजी होती आणि ती मरायला एक दिवस लागणार होता. तोवर त्या आमच्याच नेमसर्व्हरला विचारत राहणार, आणि आमचा सर्व्हर जुन्या झोनमधलं जुनं नाव इमानदारीने सांगत राहणार. ज्यांनी आमच्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं त्यांना नवी, बरोबर नोंद मिळत होती.

दोन्ही बाजूंच्या याद्यांत आपापलं काम नीट लिहिलेलं होतं. ही फट दोन्ही याद्यांच्या मधली होती.

उपाय माझ्या हातात होता. जुन्या झोनमधून गेलेल्या हिश्श्याची सगळी नावं काढायची आणि त्या जागी ६४ डेलिगेशन लिहायची: यांच्याबद्दल त्या नेमसर्व्हरांना विचारा. माझ्या सहकारीने रास्त शंका काढली. “ते पत्ते आता आपले नाहीत. त्यांच्याबद्दल आपण काही लिहिणं योग्य आहे का?”

मला वाटलं, आणि अजूनही ठामपणे वाटतं, की आपण त्यांच्याबद्दल आधीच बोलत होतो, आणि चुकीचं बोलत होतो. झोन बंद करून गप्प बसलो असतो तरी त्यांच्या मेल अडल्याच असत्या, कारण नाव न मिळणं हेसुद्धा नाकारायला पुरेसं असतं. ‘त्यांना विचारा’ एवढंच खरं उत्तर उरलं होतं. इंजिनिअरकडून नेमसर्व्हरांची नावं लेखी मागवली, राइपमधल्या नोंदीशी ताडून पाहिली, झोन बदलला, दुय्यम सर्व्हरवर तो पोचल्याचं तपासलं. नावांच्या नोंदींची मुदत तासाभराची होती, म्हणून कॅशेमधली जुनी नावं लवकर गेली. संध्याकाळी त्या इंजिनिअरचा निरोप आला की अडकलेल्या मेल एकेक करून सुटताहेत. त्याचे ग्राहक त्या पत्त्यांची वाट पाहत होते, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी मेल सर्व्हर तिथे हलवले होते. कुणीही तेच केलं असतं.

जुना झोन आम्ही लगेच काढला नाही. त्या हिश्श्याबद्दलचे प्रश्न आमच्याकडे येणं जवळजवळ थांबल्यावरच काढला. पत्ते कोणत्या देशात आहेत ते सांगणाऱ्या याद्या मात्र सुधारायला बराच जास्त वेळ लागला. आमच्या जिओफीडमधून, म्हणजे आपले पत्ते कुठे आहेत ते सांगणाऱ्या आमच्या फाइलमधून, त्या ओळी काढण्यापलीकडे तिथे आम्हाला फार काही करता आलं नाही.

पुढच्या ट्रान्सफरच्या करारात मी एक कलम घालून घेतलं: देणाऱ्याने जुना रिव्हर्स झोन, घेणाऱ्याच्या नेमसर्व्हरांची डेलिगेशन लिहून, ट्रान्सफरनंतर आठवडाभर चालू ठेवायचा. समोरच्या वकिलांना हे कलम कशासाठी ते कळेना. त्यांच्या इंजिनिअरने ते वाचलं आणि मुदत दुप्पट करून मागितली. आम्ही ती दिली.