पहिलं अक्षर कॅपिटल, मधे @, शेवटी १२३

पासवर्ड ठरवताना ‘किमान आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह’ अशी अट दिसली की बहुतेकांचा हात एकाच वाटेने जातो. नाव, त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, मग @ आणि १२३ किंवा जन्मसाल. साइट हिरवी खूण दाखवते. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र हा साचा तोंडपाठ असतो.

याचा दोष लोकांच्या आळसाला देतात, ते मला पटत नाही. पन्नास खात्यांचे पन्नास पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. त्यात दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती केली, की शेवटच्या १ चा २ होतो, एवढंच. तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २००३-०४ च्या सुमारास दिलेल्या सूचनांवरून हे नियम जगभर पसरले आणि २०१७ मध्ये निस्टनेच ते मागे घेतले. आता भर लांबीवर आहे, आणि नवा पासवर्ड आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नाही ना, हे तपासण्यावर. जुन्या अटी बऱ्याच साइट्सवर अजून तशाच आहेत, ही गंमतच!

नुसती आठ लहान इंग्रजी अक्षरं घेतली तर सुमारे २०,९०० कोटी वेगवेगळे पासवर्ड होतात. आकडा मोठा वाटतो. पण साइट पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचं गणिती रूप, म्हणजे हॅश, ठेवते. तो एमडी५सारख्या वेगवान पद्धतीने केलेला असेल आणि ती फाइल चोरीला गेली, तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजारो कोटी पासवर्ड तपासतं. बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ ठेवलेली पद्धत असेल तर हाच वेग प्रचंड घटतो. पण साइट आत काय वापरते, हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे तोच पासवर्ड सगळीकडे. एका फुटकळ साइटवरून तो गळला की ईमेल आणि पासवर्डची तीच जोडी यंत्राने शेकडो साइट्सवर लावून पाहतात. इथे फोडायचं काहीच उरत नाही.

म्हणून सुरुवात ईमेलपासून करा. बाकी खात्यांचे पासवर्ड बदलायचे (रीसेट) दुवे तिथेच येतात. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, घ्या आणि वीस अक्षरी पासवर्ड त्यालाच बनवू द्या. पाठ करायचा तो फक्त ते ॲप उघडणारा मास्टर पासवर्ड. त्यासाठी ७,७७६ शब्दांची डाइसवेअर यादी वापरा: पाच वेळा फासा टाकला की एक शब्द, असे सहा शब्द. मनाने निवडू नका, मनातले शब्द एकमेकांचे सोबती निघतात. ईमेलला टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरी खातरजमा, लावताना मिळणारे रिकव्हरी कोड (फोन हरवला तर खात्यात शिरायला लागणारे) कागदावर उतरवा, त्याच फोनमध्ये ठेवू नका.