यवतची क्रेन, भाग ४: सी-३० म्हणालो होतो, चुकलो

मंडळी, आधी कबुली देऊन टाकतो. मागच्या वेळी मी छाती ठोकून सांगितलं होतं की ही क्रेन म्हणजे महायुद्धातला शेवरलेट सी-३० मिलिटरी ट्रक आहे, ३० हंड्रेडवेटवाला, म्हणजे दीड टन माल नेणारा. नाहीये. आणि त्या छाती ठोकण्यापायी भोसरीच्या एका भंगारवाल्याकडून चाकांच्या सोळा इंची चार डिस्क उचलून आणल्या, त्या आता धायरीच्या शेडमध्ये पडल्यात आणि बायको रोज विचारते की यांचं काय करणार.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडी सोलापूर रोडला यवतच्या पुढे एका गॅरेजमागे बाभळीत उभी होती. पडलेले ट्रक उचलायची क्रेन. मागे रेल्वेच्या रुळांचा केलेला घोडा, त्याला चेन कप्पी, मागचा एक्सल टाटा-मर्सिडीजचा डबल टायरवाला, आणि हे सगळं बघून झाल्यावर पुढे गेलो तर केबिनची समोरची काच उलटी, म्हणजे वरची कड पुढे झुकलेली, तिथंच माझा निकाल लागला. कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, १३ नंबरचं केबिन. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या कारखान्यांनी एकाच नमुन्यावर या गाड्या काढल्या, चार लाखांच्या वर. ११ आणि १२ नंबरच्या केबिनची काच सरळ उभी असायची, १३ नंबर १९४१ च्या शेवटाला आलं, आणि काच अशी तिरकी का तर ऊन चमकून वरून विमानाला दिसू नये म्हणून, असं सांगतात. युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे मिलिटरीनं विकायला काढलेल्या, गाड्यांच्या आपल्याकडे बस झाल्या, ट्रक झाले, क्रेन झाल्या. गॅरेजच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "डिस्पोजलची शेवरलेट हाय बाळा, माझ्या चुलत्यानं आणली तवा म्या चड्डीत हुतो."

आता आजोबा म्हणाले म्हणून लगेच शेवरलेट मानायची नाही, कारण १३ नंबर केबिन फोर्डलाही तेच. मूळ इंजिन असतं तर प्रश्नच नव्हता, फोर्डला व्ही-८ आणि शेवरलेटला २१६ क्यूबिक इंची सिक्स सिलिंडर, ८५ हॉर्सपॉवर. पण बॉनेटखाली बसलंय पर्किन्सचं पी-६ डिझेल, मद्रासच्या सिम्पसनचं. (गंमत म्हणजे दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, साडेतीन इंचच, पण शेवरलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, पावणेचार आणि पर्किन्सचा पाच, म्हणून हे २८८ क्यूबिक इंच भरतं.) मग राहिले बोल्ट. फोर्डवाले आपल्या बोल्टच्या डोक्यावर एफ मारायचे. एक अख्खा रविवार गाडीखाली पाठ टेकून वायर ब्रशनं डोकी घासत होतो, चाळीसेक तरी घासली असतील, एकावरही एफ नाही. आणि पुढच्या डिफ्रन्सलच्या हौसिंगवरचं ग्रीस खरवडलं तर ओतकामातच जीएम आलेलं. आजोबा बरोबर.

आता माझी चूक कुठे झाली ते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, मोजला, १३४ इंचाला अर्धा इंच कमी. या गाड्यांत १०१ म्हणजे १५ हंड्रेडवेट, १३४ ही ३० हंड्रेडवेटची, आणि लांब तीन टनी १५८ ची. झालं, सी-३०. पण सी-३० ला सोळा इंची चाकं असतात, १०.५०-१६, आणि हिच्या पुढच्या चाकांच्या डिस्क वीस इंची. तिथं खरं तर डोकं खाजवायला पाहिजे होतं, पण मी काय केलं, म्हटलं आपल्याकडे मिळतो तो ९.००-२० चा टायर, कुणीतरी सोयीसाठी वीसच्या डिस्क चढवल्या असणार, आणि मोकळा झालो. पुराव्याला पटेल असा निष्कर्ष काढायच्या ऐवजी निष्कर्षाला पटेल असा पुरावा बघितला. बॉनेटच्या बाजूला पॉलिश पेपर मारल्यावर पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली लाल, आणि तळाला मिलिटरीचा मळकट हिरवा लागला, त्यात पांढरं एल आणि पुढचे दोन आकडे अर्धवट दिसतात. हे मिलिटरीच्या गाडी नंबरचं पहिलं अक्षर, एल म्हणजे लॉरी, १५ हंड्रेडवेटच्या ट्रकला झेड असायचं. पण लॉरीत ३० हंड्रेडवेटही आली आणि तीन टनीही, म्हणजे त्यानं फक्त माझा गैरसमज अजून पक्का केला.

उलगडा झाला तो सँडब्लास्टिंगमुळे, म्हणजे वाळूचा मारा करून गंज-रंग काढतात त्यामुळे. चासी भोसरीला ब्लास्ट करून आणली आणि केबिनच्या मागे, साधारण दीड फुटावर, दोन्ही बाजूंना आतून पट्टी मारलेली दिसली. आधी ती डांबरासारख्या ग्रीसखाली होती. पट्टी ग्राइंडरनं थोडी सैल केली तर खाली उभा वेल्ड, आणि त्या वेल्डवर एक भोक, अर्धं. म्हणजे पुढच्या तुकड्यात अर्ध्या चंद्रासारखी खाच आणि मागच्या तुकड्यात तिला जोड नाही, सपाट पत्रा. भोकाचा दुसरा अर्धा भाग कापून काढलेल्या तुकड्याबरोबर गेला. मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, हँगर बघितले, ते मूळ रिव्हेटवर, जागचे हललेले नाहीत. प्रोपेलर शाफ्टच्या नळीवर पण मधे वेल्डचं कडं. म्हणजे चासी कापून, आखूड करून सुद्धा १३४ च्या जवळपास भरते, म्हणजे मूळची त्याहून लांब, आणि दोन एक्सलवाल्यांत त्याहून लांब एकच, १५८. दोन फूट आणि वर अर्धा इंच काढलाय. क्रेन करताना मागचा भार एक्सलजवळ यावा आणि वळवायला सोपं जावं म्हणून केलं असणार. तर गाडी आहे सी-६०-एल (इथला एल म्हणजे लांब, लॉरी नव्हे), तीन टनी, आणि तिच्या मूळ डिस्क वीस इंचीच होत्या. पुढची दोन चाकं अस्सल होती आणि मी त्यांनाच डुप्लिकेट म्हणत होतो.

त्या सोळा इंची डिस्कांवरून एक सांगतो आणि हे जरा नीट वाचा. त्या दोन तुकड्यांच्या असतात, गोलाकार नटांनी एकमेकांना आवळलेल्या, आणि तो नटांचा गोल लाल रंगवलेला असायचा. लाल म्हणजे हवा असताना हात लावायचा नाही. माझ्या एका डिस्कवर जुना टायर होता, पंक्चरवाल्याकडे नेला, पोरगं चटपटीत, मी पैसे द्यायला पाकीट काढतोय तोवर त्यानं पान्हा लावून एक नट सैल केला सुद्धा. रंग केव्हाच उडालेला, त्याला कसं कळणार. मी ओरडलो, त्याला वाटलं मला घाई आहे. आधी व्हॉल्व्हची पिन काढायला लावली तर फुस्स करून चांगली अर्धा मिनिट हवा येत होती. त्यात तेवढी हवा असेल असं मलाही वाटलं नव्हतं. आता चारही डिस्कांवर लाल पेंट मारून ठेवलाय, कुणाला सी-३० साठी हव्या असतील तर घेऊन जा, भाव करू.

बाकी काम बरं चाललंय. काच सगळ्यात स्वस्तात झाली कारण या केबिनची काच सपाट असते, नाना पेठेतल्या काचवाल्यानं लॅमिनेटेड कापून दिली. दरवाजांचा खालचा पत्रा गेलाय, डेंटर म्हणतो नवीन बनवू, मी म्हणतोय जेवढा कुजलाय तेवढाच कापू, त्यावरून आमचं रोज चालतं.

खरा वाद वेगळाच आहे. दोन-तीन मित्रांचं म्हणणं, आता कळलंय ना सी-६०-एल आहे, मग चासीत दोन फूट जोड, घोडा काढ, हौदा बांध, पेट्रोल इंजिन शोध. २०२१ चा व्हिंटेज नोंदणीचा नियम पण तोच सांगतो, गाडी ५० वर्षांच्या वरची हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. पण मी जोडलेली चासी म्हणजे पण बदलच की. आणि मिलिटरीत ही गाडी राहिली असेल फार तर चार-पाच वर्षं, त्यापुढची कित्येक वर्षं तिनं घाटात उलटलेले ट्रक उभे केलेत. मला घोडा ठेवायचाय. पिवळा रंग पण ठेवायचा विचार आहे, फक्त बॉनेटवरचा तो एल आणि ते अर्धवट आकडे तेवढे उघडे ठेवून वर क्लिअर मारणार.

गेल्या रविवारी आजोबांना शेडवर घेऊन आलो होतो. चासीवरचा वेल्ड दाखवला तर बोट फिरवत म्हणाले, "ह्यो माझ्या चुलत्याचा हात न्हाई, त्याचा वेल्ड यापेक्षा वंगाळ हुता." म्हणजे गाडी त्यांच्याकडे यायच्या आधीच कापलेली होती. आता तो आधीचा मालक शोधायचाय, आजोबांना एवढंच आठवतंय की गाडी खडकीकडून आली.