पन्हाळ्यावर मुक्कामाला? कशाला?

कोल्हापूरचा माणूस पन्हाळ्यावर झोपत नाही. सकाळी जातो, तीन दरवाजा बघतो, सज्जाकोठीवर फोटो काढतो, झुणका-भाकर आणि भाजलेलं कणीस खातो आणि दिवेलागणीला परत रंकाळ्यावर. जेमतेम वीस किलोमीटरसाठी खोली भाड्यानं घेणारा एक तर पुण्या-मुंबईचा, नाही तर नुकतं लग्न झालेला. मी आणि माझी मावशी यातल्या कशातच बसत नाही. तरी आम्ही राहून आलो, कारण परदेशातल्या मावसभावानं आईच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून परस्पर बुकिंग करून टाकलं.

मावशीनं उभं आयुष्य मंगळवार पेठेत खानावळ चालवली. हे आधीच सांगून ठेवते, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बुकिंगचं कळल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "वीस किलोमीटरवर जाऊन झोपायला एवढं पैसं? घरात काय झोप येत न्हाई व्हय मला?" रद्द केलं तर पैसे परत मिळणार नाहीत, हे समजल्यावर मात्र ती मुकाट्यानं तयार झाली. अट एकच. आखाडातली त्र्यंबोलीची जत्रा झाली, की मगच निघायचं. तेव्हा यंदाच्या पावसात, शिवाजी पूल ओलांडून, वाघबीळावरून वळून, वायपरच्या तालावर आम्ही गडावर पोचलो. २०२१ च्या पावसात हाच मुख्य रस्ता खचला होता, त्यामुळे चढणीवर मावशी देवाचं नाव घेत होती आणि मी गिअरचं.

हॉटेलचं नाव सांगत नाही. संस्थानकाळातला बंगला आहे. दगडी जोतं, खोल व्हरांडा, मंगलोरी कौलं, आत सागवानी तुळया, आणि भिंतींवर शिकारीचे करड्या रंगाचे फोटो. कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडून शिकार व्हायची, त्यातलाच एक फोटो आमच्या खोलीच्या दारासमोर होता. डोळ्यांवर टोपडं बांधलेला चित्ता गाडीवर बसलेला. मावशी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याचं खाणं कोण बघत आसंल?"

स्वागताला कोकम सरबत आलं, काचेच्या उंच पेल्यात, वर पुदिन्याचं पान. आणणारा पोरगा हिंदीत बोलत होता. "मॅम, आपका सफर कैसा रहा?" सफर! कोल्हापूरपासून पाऊण तास. मावशीनं विचारलं, "कुठला रं तू?" त्यानं एकदा मागं काउंटरकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "बुधवार पेठेतला, मावशी. हितं खालचाच." त्यानंतर तो आमच्याशी मराठीतच बोलला, पण मॅनेजर जवळ आला की पुन्हा हिंदी. पाहुण्यांना बरं वाटतं म्हणे. कुठल्या पाहुण्यांना, ते विचारायचं राहून गेलं.

आता खोली. दरीच्या बाजूची खोली घेतली म्हणून मावसभावानं जादा पैसे भरले होते. काचेची एक अख्खी भिंत, समोर दोन आरामखुर्च्या, दुर्बीणसुद्धा ठेवलेली. बाहेर धुकं. धुकं म्हणजे असं, की व्हरांड्याचा कठडासुद्धा दिसेना. आम्ही होतो तेवढ्या वेळात दरी एकदाही दिसली नाही. जुलैत पन्हाळ्यावर धुकं असणारच, त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही. पण पांढऱ्या काचेचं जादा भाडं घेताना जरा तरी लाजावं की नाही? मावशी दुर्बिणीतून धुकं बघून म्हणाली, "जवळनंबी तसंच हाय."

बाकी सुखसोयींबद्दल खोटं बोलणार नाही, मला सगळं आवडलं. गरम पाण्याच्या टबात मी बोटांच्या सुरकुत्या पडेपर्यंत बसले. उशा किती प्रकारच्या हव्यात, याचं छापील कार्ड होतं. मावशीनं सगळ्या बाजूला सारल्या आणि आपली शाल घडी करून डोक्याखाली घेतली.

गडबड झाली ती रात्रीच्या जेवणाला. मेन्यूकार्डावर 'अस्सल शाही कोल्हापुरी थाळी' असं सोनेरी अक्षरांत होतं, आणि किंमत अशी, की मावशीच्या खानावळीत तेवढ्यात चार माणसं जेवून विडा खाऊन गेली असती. ताटं आली. चांदीच्या रंगाच्या वाट्या, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुक्कं, भाकरीच्या ऐवजी छोट्या छोट्या भाकऱ्या, पापडाएवढ्या. मावशी ताटाला हात लावायच्या आधी जे करते ते तिनं केलं. पांढऱ्या रश्श्याची वाटी तिरकी धरून दिव्याखाली नेली आणि कडेला काय राहतं ते पाहिलं. मग एक थेंब तळहातावर घेऊन चाटला. वाटी खाली ठेवली आणि पदरानं हात पुसला. खानावळीच्या दिवसांत तिनं असा हात पुसला, की पोरं गुपचूप पातेलं उतरवायची.

"फुटलाय," ती म्हणाली.

पांढरा रस्सा बाहेरच्यांना सोपा वाटतो, तिखट नाही म्हणून. खरं तर तांबड्यात चूक झाकता येते, कांदा-लसूण चटणीचा एक चमचा जास्त घातला की झालं. पांढऱ्यात झाकायला काहीच नसतं. मटणाचं अळणी पाणी, खसखस-तिळाचं वाटण, तुपात तडतडलेले अख्खे मसाले, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर आच मंद ठेवून सतत ढवळायचं आणि उकळी येऊ द्यायची नाही. उकळी आली, की दूध फाटतं आणि वर तेल नि खाली पाणी. मग मुरलेला आचारी काय करतो? काजूची पेस्ट आणि मलई घालून दाट करतो. दिसायला शुभ्र, चवीला बासुंदी.

हे सगळं मावशीनं मला सांगितलं असतं तर ठीक होतं. पण नेमका तेव्हाच उंच पांढरी टोपी घातलेला शेफ टेबलाटेबलानं फिरत आमच्यापाशी आला आणि "एव्हरीथिंग गुड, मॅम?" म्हणाला. मी "हो हो, छान" म्हणून मोकळी. मावशीनं त्याला खुर्ची दाखवली. "बस जरा." तो बसला नाही, पण थांबला. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. दूध फाटलंय, मलई घातलीय, मटण आधीच शिजवून फ्रिजमध्ये ठेवलंय, आणि तांबड्याला रंग मिरचीचा नाही. आवाज चढवून नाही हं, खानावळीत नवीन आलेल्या पोराला समजावून सांगावं तसं. शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं कुटुंब कान टवकारून ऐकत होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी आपली वाटी हळूच उचलून दिव्याखाली धरली, तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

शेफ एवढंच म्हणाला की बाहेरच्या पाहुण्यांना तिखट चालत नाही, तक्रारी येतात. "मग त्यास्नी वरण-भात घाल की," मावशी म्हणाली. "कोल्हापूरचं नाव कशाला?"

तिचं म्हणणं मला पटत होतं आणि तिथं बसवतही नव्हतं. इतके पैसे देऊनही अशा जागी आपण परीक्षा द्यायला आल्यासारखे का वागतो, कोण जाणे. काटा कुठल्या हातात, नॅपकिन मांडीवर की गळ्यात, आवाज किती. मावशीला यातलं काहीच लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलतर्फे 'वारसा फेरी' होती. मावशी गुडघ्यांमुळे आली नाही. आमच्या डोक्यावर छत्री धरायला एकेक पोरगा दिलेला. मी नको म्हटलं तरी ऐकेना, त्याला तशी सूचना होती. तो स्वतः भिजत होता. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही तिन्ही कोठारं धुक्यात बुडालेली. गंगा कोठी सगळ्यात मोठी. बाहेरून जिन्यानं थेट छतावर जायचं आणि वरच्या भोकांतून धान्य आत ओतायचं, अशी सोय. अंधारबावीत उतरलो. विहिरीवर तीन मजली इमारत बांधून पाणी बाहेरच्या नजरेपासून लपवलंय, शत्रूनं विष कालवू नये म्हणून. आतल्या अंधारात पाण्याचा टपटप आवाज घुमतो. ताराराणींचा वाडा मात्र कुणी बघत नाही, तिथं शाळा भरते. चार दरवाजा तर बघायला उरलाच नाही, १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. गाईडनं हे सांगितलं नाही. तो २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गड आला, हेच फिरून फिरून सांगत होता.

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी मात्र मी थबकले. पावनखिंडीच्या पदभ्रमंतीला निघालेली पोरं जमलेली. कुणाच्या अंगावर रेनकोट, कुणाच्या डोक्यावर खताचं पोतं टोकाला दुमडून केलेली खोळ. पायात साधे बूट. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात चार महिने काढून शिवाजी महाराज आषाढातल्या अशाच पावसात, रात्रीच्या अंधारात विशाळगडाकडं निघाले होते, त्याच वाटेनं ही पोरं निघालेली. राजदिंडीनं उतरून मसाई पठार, तिथून पुढं खिंडीकडं. शिवरायांची गारद म्हटली गेली, घोषणा झाल्या. माझ्या डोक्यावर छत्री होती, आणि ती धरणारा पोरगा भिजत त्या पोरांकडं बघत होता. मी विचारलं, "तू कधी गेलास का?" "दरवर्षी जायचो, ताई. दोन वर्षं झाली, सीझनला सुट्टी नसते." मी छत्री त्याच्या हातातून काढून घेतली. तो घाबरून म्हणाला, "ताई, सर बघतील." मग परत दिली. फेरी संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

परत आले तर खोलीत मावशी नाही. व्हरांड्यात नाही, जेवणघरात नाही. काउंटरवरचा मॅनेजर माझ्याइतकाच हवालदिल. पंचाहत्तरीची बाई, गुडघे गेलेले, बाहेर धुकं, आणि पुढं कडा. शेवटी तो कालचा बुधवार पेठेतला पोरगा हळूच म्हणाला, "ताई, मागं चला."

बंगल्याच्या मागच्या बाजूला, जिथं पाहुण्यांनी जायचं नसतं, तिथं पत्र्याच्या शेडखाली स्टाफची चूल होती. आखाड संपत आलेला, श्रावण तोंडावर. पोरांनी वर्गणी काढून मटण आणलं होतं. पातेल्यापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मावशी बसलेली, हातात उलथणं. ढवळत नव्हती, नुसती धरून होती. ढवळत होता कालचा शेफ, पांढरी टोपी काढून, बनियनवर. "सोडू नगंस," ती त्याला सांगत होती. "हात थांबला की गेलं." तो मन लावून ढवळत होता. पातेल्यात पांढरा रस्सा हलक्या लाटांनी फिरत होता, कडेला बारीक बुडबुडे यायला लागले की मावशी हात वर करायची आणि एक पोरगा जाळ मागं ओढायचा. हे कितीतरी वेळ चाललं होतं. कुणी घाईत नव्हतं.

शेफ विदर्भातला निघाला. सावजी मटण झणझणीत करतो म्हणे, पण पांढरा रस्सा त्याला कुणी शिकवला नव्हता. हॉटेलनं छापील कृती हातात दिलेली. त्या कृतीतच काजू-मलई होती.

मी तिथंच जेवले. पुठ्ठ्याच्या ताटलीत, एका खोक्यावर बसून, हाताएवढी खरी भाकरी मोडून. तांबडा असा, की नाक वाहायला लागलं. जेवणघरात माझ्या नावावर दुपारचा बुफे भरलेला पडून होता, त्याचे पैसे आधीच गेलेले, आणि हिशेबी स्वभावाला ते टोचत होतं हेही खरं. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. पोरं उठायला लागली. मावशीनं त्याला विचारलं, "तू जेवलास?" तो गोंधळला. मग कोटाची बटणं सोडून भिंतीला टेकून बसला आणि दोनदा रस्सा मागून घेतला.

निघताना सेवेचा अभिप्राय विचारणारा फॉर्म आला. मी सगळीकडं पाच चांदण्या दिल्या, जेवण सोडून. तिथं काय भरायचं ते मावशीला विचारलं. ती म्हणाली, "कुठलं जेवण, पुढलं का मागलं?" रकाना तसाच सोडला.

वाघबीळापाशी मावसभावाचा फोन आला. आवडलं का, दरी दिसली का, खोली कशी होती. मावशीनं सांगितलं, गादी फार मऊ, पाठ धरलीय. मटण झकास. तो खूष. दिवाळीत आता महाबळेश्वरचं करतो म्हणाला, तसंच जुनं, इंग्रजांच्या वेळचं हॉटेल आहे. "कर की," मावशी म्हणाली, "पण आधी इच्यार, मागं चूल हाय का त्यांच्याकडं."