बिअरची वही, वर्ष दुसरं: जीभ माझी, नाक आईचं

मागचा हिशेब दिला त्याला सहा महिने होऊन गेले. तेव्हा वहीत ३८ नोंदी होत्या, आज ६१ आहेत. शनिवारी संध्याकाळी एक बाटली, हा नियम बहुतेक पाळला. श्रावणात महिनाभर वही बंद होती (घरात गुण्यागोविंदाने राहायचं तर काही तह करावे लागतात), आणि दोन शनिवार ड्राय डेमध्ये गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि गेज, त्यामुळे छंदाची वहीसुद्धा इन्स्पेक्शन रिपोर्टसारखीच आखली. रंग, फेस, वास, चव, मागे राहणारी चव, दहापैकी गुण. आणि खाली सही. नाशिकला राहून बिअरची वही ठेवायची म्हणजे नागपुरात बसून हापूसवर प्रबंध लिहिण्यासारखं आहे. इथे पाहुणा आला की त्याला गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात न्यायचं, तिथे कुणीतरी वाईनचा ग्लास गोल फिरवत काहीतरी फळांची नावं घेणार, आपण मान डोलवायची. बिअरवाल्याला कुणी विचारत नाही. बिअर शॉपीत जायचं, 'चिल्ड आहे का' विचारायचं, काळ्या पिशवीत घालून घरी यायचं.

माझी अडचण जिभेची नव्हती, शब्दांची होती. पहिल्या वीसेक नोंदींत वासाच्या रकान्यात 'चांगला', 'बरा' आणि एकदा तर 'बिअरसारखा' असं लिहिलेलं आहे. मग नेटवरून चवींचं चक्र उतरवून काढलं आणि सगळं इंग्रजी जसंच्या तसं वहीत यायला लागलं. 'ग्रासी', 'ब्रेडी', 'स्कंकी'. स्कंक हा उग्र दर्प सोडणारा प्राणी मी जन्मात पाहिलेला नाही. आपल्याकडे तो नाहीच. पण लिहीत होतो.

नोंद ४१ ला हे बदललं, आणि तीच या सहा महिन्यांची खरी कमाई.

त्या दिवशी बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर आणली होती, हेफेवायझन. गढूळ, पिवळसर, वर गच्च फेस. गॅलरीत स्टुलावर ग्लास ठेवून मी वही आणायला आत गेलो. आई वाळलेले कपडे काढायला आली होती. मी परत येतो तर म्हणते, "हे शिकरण कुणी ठेवलंय इथं?"

"शिकरण कुठलं? बिअर आहे ती."

"असेल. केळं आहे त्यात. साल काळी पडायला लागल्यावर होतं ना, तसलं. आणि लवंग टाकलीय."

मी म्हटलं, अगं, त्यात ना केळं आहे ना लवंग. बव्हेरियात १५१६ सालचा नियम होता: जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, चौथी वस्तू घालायची नाही. गव्हाची मुभा पुढे तिथल्या राजघराण्याने दिली, पण लवंग कुणीच घातलेली नाही. आई म्हणाली, "मग तुझ्या नाकाला सर्दी झालीय."

रात्री वाचून काढलं तर आई शंभर टक्के बरोबर. या बिअरचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल असिटेट तयार करतं, पिकलेल्या केळ्याच्या वासातलं मुख्य द्रव्य तेच. लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायाकॉलचा, तोही यीस्टचाच उद्योग. मी आधी चार वेळा ही जात प्यायलो होतो आणि चारही वेळा 'फ्रूटी' लिहून मोकळा झालो होतो. नोंद ४१ मध्ये लिहिलं: केळं, शिकरणाचं. लवंग, मसालेभातातली नव्हे, विड्याला टोचतात ती.

आई निफाडकडची. लहानपणापासून द्राक्षांत वाढलेली. क्रेटमधला एक मणी आंबला तर ती झाकण काढायच्या आधी सांगते. बिअरला ती हात लावत नाही, ग्लास स्वयंपाकघरात येऊ देत नाही, पण आता शनिवारी गॅलरीत येऊन पदर सावरत हातभर अंतरावरून हुंगून जाते. "बघू, आज काय आणलंस." बायको म्हणते, तुम्ही दोघं मिळून मला एक दिवस सोसायटीतून बाहेर काढणार.

आईने एकदा विचारलं, हे बनतं कशाचं. मी सांगायला लागलो: जव भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, भाजायचा. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे नाचणीचं सत्त्व." अगदी तेच. मोड येताना धान्यात जी विकरं तयार होतात ती पिठुळपणाची साखर करतात. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज गोडसर लागते आणि म्हणून माल्टपासून, म्हणजे अशा मोडाच्या जवापासून, बिअर होते. आई म्हणाली, "मग एवढं वाईट काय त्यात?" म्हटलं, वाईट पुढे होतं, यीस्ट ती साखर खातं तेव्हा.

फेसाचं प्रकरणही तिनेच सोडवलं. माझ्या ग्लासात फेस दोन मिनिटांत बसायचा. मी बाटलीला दोष देत होतो. दोन कारणं निघाली. एक, मी मखमलाबाद नाक्यावरचा चिवडा खात प्यायचो. ओठांचं तेल फेसाला लागलं की तो कोसळतो. दुसरं, ग्लास. आईने धुतलेला ग्लास उजेडात धरला आणि म्हणाली, "तुपाची वाटी अशी दिसते." स्वच्छ काचेवरून पाणी सलग पडद्यासारखं ओघळतं, तेलकट काचेवर थेंब थेंब धरून राहतं. तेव्हापासून माझा ग्लास वेगळा. खायचा सोडा, गरम पाणी, फडक्याने पुसणं बंद, पालथा घालून वाळवायचा. चिवडा नोंद झाल्यावर.

नोंद ४४: मेहुण्याने विमानतळावरून गिनेस या आयरिश काळ्या बिअरचा टिन आणला. आईने पिशवीतून उचलला, कानाशी हलवला आणि म्हणाली, "आत काहीतरी सुटलंय. परत कर." आत प्लॅस्टिकचा छोटा गोळा असतो, त्यात दाबाखाली नायट्रोजन. टिन उघडला की दाब उतरतो, गोळ्यातून वायू फसकन बाहेर येतो आणि साईसारखा बारीक फेस चढतो. काचेलगतचे बुडबुडे खाली खाली घसरताना दिसतात, आणि खरंच घसरतात, वर येतात ते मधले; हे आम्ही तिघं ग्लासाभोवती ओणवे होऊन पाचेक मिनिटं बघत बसलो. वासावर आईचा निकाल: "भाजणी करपलीय. पण चकली होईल." जव कॉफीसारखा काळा होईस्तोवर भाजतात, त्याची ती चव. दिसायला एवढी काळीकुट्ट, आणि अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे आपल्या स्ट्राँग बिअरच्या जवळपास निम्मं. काळी म्हणजे कडक हा समज ज्यांचा अजून आहे त्यांनी हे दोनदा वाचावं.

४५ ते ४९ मध्ये सांगण्यासारखं काही नाही. पाच लागर (आपली नेहमीची फिकट सोनेरी बिअर), पाचही स्वच्छ, पाचही विसरलो.

५० वी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सवाली. इथे मी स्वतः काहीतरी पकडेन म्हणून आधी एकट्यानेच हुंगली, लिहिलं 'आंबा'. खूश झालो. आई आली, म्हणाली, "आंबा कसला? कैरीचा देठ मोडल्यावर चीक उडतो, तो." पुन्हा हुंगलं. खरंच, गोड वासाच्या मागे तो तिखट, डोळ्यात जाणारा चीक. मग जरा थांबून हळूच, "आणि भांगेची पानं आहेत का रे यात?" तुम्हाला हसू येईल, पण हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, आणि मायरसीन नावाचं तेल हॉप्समध्येही असतं, भांगेतही आणि आंब्यातही. तिला भांगेचा वास कुठून माहीत, हे मी विचारलं नाही. महाशिवरात्रीला त्र्यंबकला जाणारी माणसं आहेत आमच्यात.

स्कंकचा सोक्षमोक्ष नोंद ५३-५४ ला लावला. हिरव्या काचेच्या एकाच तारखेच्या दोन बाटल्या आणल्या. एक वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात, दुसरी गच्चीवर उन्हात, तीन तास. मग दोन्ही फ्रिजमध्ये सारख्या गार केल्या आणि ग्लासांना खाली अ, ब चिकटवून आईपुढे ठेवल्या. तिने ब पासून, म्हणजे उन्हातल्या बिअरपासून, तोंडच फिरवलं. "हिंगाची डबी उघडी राहिलीय." उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा तो वास. हिंगाच्या दर्पातही गंधकाचीच संयुगं असतात, म्हणजे नाक योग्य घरात गेलं. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही. माझ्या वहीतला 'स्कंकी' शब्द मागच्या सगळ्या नोंदींत खोडून 'हिंग' केला. शॉपीत दाराशी ट्यूबलाइटखाली मांडलेली हिरवी बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. तो कटकट करेल, मागा.

नोंद ५६ पुण्यातली. भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो, दुपारी तासभर सटकलो आणि दुलालीत जाऊन बसलो. २००९ साली पुण्यात सुरू झालेली ही मायक्रोब्रुअरी (स्वतःची बिअर स्वतःच छोट्या प्रमाणात बनवणारी) बहुतेकांना माहीत असेल, पण नावाची गंमत आपल्या नाशिककरांनाच कळायला हवी. दुलाली म्हणजे आपली देवळाली. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सोल्जर जहाजाची वाट बघत देवळाली कॅम्पात महिनोन् महिने पडून असायचे. काम नाही, ऊन मरणाचं, हिवताप. माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्यावरून 'दुलाली टॅप' हा शब्द त्यांच्या भाषेत गेला, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. इंग्लंडात वेड लागलेल्याला 'दुलाली' म्हणतात. आम्ही शाळेत असताना कॅम्पातल्या मिलिटरीच्या गाड्या बघायला सायकलने जायचो, तेव्हा कुणाला ठाऊक की पुढे याच नावाखाली बसून गव्हाची बिअर प्यायची आहे. शेजारच्या टेबलावरच्या पोरांना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, बिचारी. बिअर ताजी होती, हे नक्की. पण आई तिकडे ओटीच्या तयारीत, त्यामुळे वासाच्या रकान्यात लिहिलंय: केळं (अंदाजे). सहीही जरा वाकडी आहे. परत रिक्षाने गेलो.

आता राहिली नोंद शून्य.

वहीचं पहिलं पान मी सुरुवातीपासून कोरं ठेवलंय, पहिल्या बिअरसाठी. इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर, मे महिना, एकविशी नुकतीच ओलांडलेली. चौघं मित्र गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला. तिथे तसं पिणं कायद्यातही बसत नाही आणि अकलेतही, पण तेव्हा दोन्हींशी ओळख नव्हती. चौघांत दोन बाटल्या, ६५० मिलीच्या, स्ट्राँग. बर्फ आणला होता तो बसमध्येच वितळून पिशवीतून गळून गेला. ओपनर नव्हता. एकाने दाताने झाकण काढलं आणि दाताचा टवका उडाला (तो आज दंतवैद्याचा सासरा व्हायच्या बेतात आहे). बिअर चहाला टक्कर देईल इतकी गरम. चव आठवत नाही. घशात काहीतरी जळत खाली गेलं आणि समोरचं पाणी फार चमकत होतं, एवढंच. येताना सीबीएस बसस्टँडवर दोन रुपयांची बडीशेप घेतली, चौघांनी मिळून सगळी चावली. घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून झोपलो. आईने पांघरूण घातलं. बस्स.

ही नोंद भरायची तर री-टेस्ट हवी. शिल्लक माहिती तपासली: ब्रँडच्या रंगाची थोडी आठवण, स्ट्राँग, मे, गरम. तीच असेल अशी बाटली आणली आणि मुद्दाम पंधरा दिवस फ्रिजबाहेर, कपाटावर ठेवली. उष्णतेने बिअर झपाट्याने म्हातारी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास सुटतो. धरणावरची बाटलीही कुठल्यातरी टपरीवजा दुकानात उन्हाळाभर तापलेलीच असणार. बाटल्यांवर बहुधा सहा महिन्यांची मुदत छापलेली असते, पण ती आपल्या नाशिकच्या एप्रिल-मेला विचारून छापलेली नसते.

परवाच्या शनिवारी उघडली. गॅलरीत, गरमच. फेस साबणासारखा वर आला आणि गेला. मी घोट घेतला. गोड, जड, शेवटी नाकात चढणारी स्पिरिटसारखी झळ, आणि हो, पुठ्ठा. दोन वर्षांच्या सरावाने आता एवढं तरी जमतं. पण ओळख पटेना. धरण आठवेना, पाणी आठवेना. 'वास' पुढे पेन धरून बसलो.

आई आली. नेहमीसारखी हातभर अंतरावर थांबली नाही. सरळ ग्लास उचलला, नाकाशी नेला, एकदाच हुंगला आणि खाली ठेवला.

"ही होय," म्हणाली. "ही तुझ्या शेवटच्या पेपरची."

मी वहीतून मान वर केली नाही.

"फक्त बडीशेप नाहीये," म्हणाली, आणि कपडे काढायला गेली.

नोंद शून्य. रंग: गडद सोनेरी. फेस: टिकला नाही. वास: शेवटच्या पेपरचा, बडीशेप वजा. गुण: दिले नाहीत. तपासणार: आई.